शिळ्या पाण्याचे व्रत

आमच्या घरी पहाटेचे पहिले काम असते ते आदल्या दिवशीचे पाणी ओतून देण्याचे. तांब्याचा हंडा चिंचेने उजळायचा, धुवायचा, ताजे पाणी भरायचे आणि वर झाकण ठेवायचे. रात्रभर राहिलेले पाणी शिळे. ते देवाला चालत नाही आणि माणसालाही देऊ नये. या संस्कारात मी वाढलो, पाठशाळेत सात वर्षे तेच केले, आणि आयुष्याची मागची बावीस वर्षे वर्धा जिल्ह्यातील घरोघरी जाऊन ‘माशांना शिळेच पाणी घाला हो’ असे विनवीत हिंडलो. ईश्वराला विनोदबुद्धी आहे की नाही, याविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी माझे चरित्र पाहावे.

मी मत्स्यपेट्यांची निगा राखणारा मनुष्य आहे. दवाखाने, कापडाची दुकाने, निवृत्त लोकांचे दिवाणखाने, जेथे जेथे काचेच्या पेटीत रंगीत मासे ठेवलेले असतात तेथे आठवड्याने जायचे, पाणी पाहायचे, काच पुसायची आणि माशांपेक्षा अधिक त्यांच्या मालकांना सांभाळायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. लोक मला ‘मासेवाले शास्त्री’ म्हणतात. त्रिकाळ संध्या करणाऱ्या शाकाहारी माणसाला ही पदवी प्रथम फार झोंबली. भरबाजारात कुणी या नावाने हाक मारली की आजूबाजूचे लोक माझ्या पिशवीकडे पाहत. पुढे मी पिशवी उघडी ठेवू लागलो.

त्याआधी वर्ध्याच्या एका शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. संस्कृत घेणारी मुले वर्षागणिक कमी होत गेली आणि एका वर्षी माझ्या निम्म्या तासिका रिकाम्या झाल्या. मुख्याध्यापकांना रिकामा शिक्षक पाहवत नसे. प्रयोगशाळेत कुणा पालकाने भेट दिलेली माशांची पेटी हिरवी पडली होती, ती त्यांनी माझ्या हवाली केली. मी तिच्याकडे सोवळ्याच्या दृष्टीने पाहिले. तळाशी गाळ, काचेवर शेवाळ, गाळणीच्या स्पंजात काळा चिखल. शुचितेच्या पूर्ण आवेशाने मी सारे बाहेर काढले, खडे नळाखाली सात पाण्यांनी धुतले, स्पंज पिवळा दिसेपर्यंत पिळला आणि नळाचे ताजे, नितळ पाणी काठोकाठ भरले. पेटी देव्हाऱ्यासारखी दिसू लागली. मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर माझे कौतुक केले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराही मासे पोट वर करून तरंगत होते.

विज्ञानाच्या शिक्षिकांनी मला बाजूला घेऊन जे समजावले ते येथे थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. मासा ज्या पाण्यात राहतो त्यातच विसर्ग करतो आणि त्या विसर्गातून विष तयार होते. ते विष पचवून टाकणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव स्पंजात आणि खड्यांवर, त्या काळ्या चिखलातच, वस्ती करून असतात. दह्याला जसे विरजण, तसा माशांच्या पाण्याला तो चिखल. आता, नळाच्या पाण्यात जंतू मारण्याचे जे औषध घातलेले असते ते या उपकारी जीवांनाही मारते आणि माशांचे कल्ले जाळते. तेच पाणी पिंपात दिवस-रात्र उघडे ठेवले की औषध उडून जाते आणि ते माशांच्या कामाचे होते. म्हणजे मी विरजण धुऊन टाकले होते आणि वर विष ओतले होते. अकरा जीवांची हत्या मी केवळ स्वच्छतेने केली.

त्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून मी मत्स्यपालन शिकू लागलो, आणि प्रायश्चित्ताचा व्यवसाय केव्हा झाला ते मला कळले नाही. निवृत्तीनंतर मागच्या अंगणात निळे पिंप ठेवले. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच पहाटे ते नित्यनेमाने ओतून दिले. दुसऱ्या पहाटेही दिले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना कल्ले, औषध, विरजण हे सारे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “तुमच्या माशांना शिळं चालतं, आणि तुम्हाला सकाळची पोळी संध्याकाळी चालत नाही.” त्या संध्याकाळी मी सकाळची पोळी मुकाट्याने खाल्ली. पिंप तेव्हापासून राहिले.

पेटीच्या तळाचा गाळ रबरी नळीने ओढून काढावा लागतो आणि ती नळी चालू करण्यासाठी तोंडाने हवा खेचावी लागते. पहिल्या दिवशी मी तोंड वेळेवर बाजूला केले नाही. त्या दिवशी तीन स्नाने झाली. पुढे नळी आधी पाण्यात बुडवून भरून घेण्याची युक्ती साधली आणि ते आचमन थांबले.

या धंद्यात मासे सांभाळणे अवघड नाही. माणसाकडून तेच ते साधे काम दर आठवड्याला करवून घेणे अवघड आहे. पहिल्या महिन्यात उत्साह असतो, दुसऱ्यात आळस येतो, तिसऱ्यात पाणी हिरवे होते आणि चौथ्यात, पाहुणे येणार म्हणून, सारी पेटी धुतली जाते. म्हणून मी काम इतके सोपे करून ठेवण्याचा प्रयत्न केला की विसरायलाच श्रम पडावेत. प्रत्येक पेटीच्या काचेवर तांबड्या रंगाची बारीक रेघ ओढून दिली. गुरुवारी पाणी त्या रेघेपर्यंत उतरवायचे, म्हणजे चौथा हिस्सा. तेवढेच पिंपातले शिळे पाणी भरायचे. स्पंज महिन्यातून एकदा, तोही नळाखाली धरायचा नाही, काढलेल्या पाण्यातच दोनदा दाबायचा. खाणे एका वेळी अक्षतांइतके. घालून जपाची एक माळ ओढावी. तोवर जे उरेल ते जाळीने काढून टाकावे. घड्याळ पाहा म्हटले तर कुणी पाहत नाही. माळ मात्र घरात कुणीतरी ओढतोच.

तरीही माणसे माणसेच. हिंगणघाटला कापडाचे एक दुकानदार होते. वास्तूसाठी शुभ म्हणून आठ सोनेरी आणि एक काळा मासा त्यांनी ठेवला होता. मासा मेला की त्यांना दुःख होत नसे, उलट समाधान वाटे. आपल्यावर येणारे संकट त्या जीवाने स्वतःवर घेतले, अशी त्यांची श्रद्धा. दर दिवाळीला दुकानाच्या साफसफाईत ते पेटी कपडे धुण्याच्या पावडरने धुऊन घेत आणि पाडव्याच्या आत दोन-तीन संकटे टळत. मी कारण सांगितले तेव्हा ते मला समजावू लागले, “शास्त्रीजी, पावडर तं निमित्त हाय. संकट यायचं होतं ते या मासोळ्यायवरच येनार होतं.” त्या घराइतकी संकटे मी जिल्ह्यात दुसरीकडे पाहिली नाहीत.

परंतु पावडरीने जितके मासे मरतात त्याच्या दसपट मायेने मरतात. मासा माणूस दिसला की काचेशी येतो आणि तोंड उघडमिट करतो. तो त्याचा श्वास असतो. घरातल्यांना ती भूक वाटते. आजोबा घालतात, सून घालते, मुले शाळेतून येऊन घालतात, आणि प्रत्येकाला वाटते की आज बिचाऱ्यांना कुणी काही दिलेले नाही. न खाल्लेले अन्न तळाशी कुजते. पंधरवड्यातून एखादा दिवस पेटीला काहीच न देणे हे माशांना अतिशय हितकर असते. हे मी चार वर्षे सरळ शब्दांत सांगितले. लोक मान डोलवीत, आणि मी पायरी उतरलो की चिमूट टाकीत. उपाशी ठेवा, हे शब्दच या मातीतल्या माणसाच्या कानाला सहन होत नाहीत.

एकदा हिंगणघाटहून परतताना आमची एस.टी. रस्त्यात बंद पडली. दोन तास बसून होतो. आमच्याकडे उपाशी ठेवणे क्रूर आहे पण उपवास करणे पुण्यप्रद आहे, ही गोष्ट मला त्या दोन तासांत सुचली आणि अनुष्टुभ छंदात उतरली:

उपवासो हि मत्स्यानामेकादश्यां हितावहः ।
जलं पर्युषितं देयं चतुर्थांशश्च सप्तमे ॥

एकादशीला माशांचा उपवास हितकारक. शिळे पाणी द्यावे, चौथा हिस्सा, सातव्या दिवशी. मी त्याच्या पट्ट्या छापून घेतल्या, वर प्लास्टिक चढवले आणि प्रत्येक पेटीवर एक चिकटवली. खाली रचनाकाराचे नाव घातले नाही. ग्रंथाचेही घातले नाही. एवढ्या मौनावर उरलेले लोकांनी स्वतःच रचले. सहा महिन्यांत माझ्या पेट्यांतील मृत्यू निम्म्याहून कमी झाले. जी माणसे मला चार वर्षे ऐकत नव्हती ती या दोन ओळींपुढे हात जोडू लागली. एकादशीची तारीख भिंतीवरच्या पंचांगात आधीच छापलेली असते; वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर मत्स्यपेटीची निगा याहून सोपी करणे कुणाला जमले असेल असे मला वाटत नाही. आणि शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर ज्या मनुष्याने बालपणी गुरूंच्या पायाशी बसून आर्ष वचनात एक मात्राही न बदलण्याची शपथ घेतली होती, त्याने तसले एक वचन बनावट घडवले होते.

मला याची टोचणी होती काय? होती, परंतु वर्ध्यातील एका प्रवचनकार स्नेह्यांनी भर सभेत, ‘आपल्या पूर्वजांनी मत्स्यांच्या पाण्याचाही विचार करून ठेवला आहे,’ असे म्हणून माझ्या दोन ओळी पुराणोक्त म्हणून उद्धृत केल्या तेव्हा मी मागच्या रांगेत बसलो होतो, आणि मी उठलो नाही. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी रचनेच्या प्रासादिकतेबद्दल उद्गार काढले. मी मान खाली घातली. त्यांना ती नम्रता वाटली.

आता सिंदीची हकीकत सांगतो, जी सांगण्यासाठी हा लेख लिहिण्याचे मी कबूल केले.

सिंदी रेल्वे या गावचे वासुदेवराव भोयर हे कापसाचे ग्रेडर होते. कापसाच्या ढिगातून चिमूटभर रुई घ्यायची, दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत धरून हळूच ओढायची, आणि तुटताना तिचा धागा किती लांब निघतो ते पाहून सांगायचे: लांब, मध्यम की आखूड. चाळीस वर्षे त्यांच्या चिमटीवर लोकांचा हंगाम ठरला. मग पक्षाघात झाला. उजवे अंग गेले, वाचा गेली. पुण्याच्या मुलीने वडिलांसाठी मोठी काचपेटी आणि सहा डिस्कस मासे पाठवले. डिस्कस हा ताटलीसारखा गोल, चपटा, अंगावर नागमोडी रेघा असलेला मासा. गोड्या पाण्यातील शोभेच्या माशांत याच्याइतका देखणा नाही आणि याच्याइतका नाजूकही नाही. पाणी कोमट हवे, मऊ हवे, निर्मळ हवे, आणि घरात भांडण झालेलेही त्याला सोसत नाही असे मी ग्राहकांना सांगतो. हे शेवटचे मात्र मी केवळ घरात शांतता राहावी म्हणून सांगतो.

वासुदेवरावांच्या पत्नी अनसूयाबाई. मधुमेहाच्या गोळ्या घेत घेत वर्षातले सर्व उपवास करणारी बाई. त्यांनी तांबड्या रेघेचा नियम कधी केसभरही ओलांडला नाही. पिंप भरलेले, जाळी धुतलेली, गुरुवार कधी शुक्रवारवर गेला नाही. वासुदेवरावांची खाट पेटीसमोर होती. रोज सकाळी ते डावा हात वर करून मासे मोजत: पाच बोटे, मग एक. मोजून झाल्याशिवाय चहा घेत नसत. डॉक्टर म्हणत, त्यांना सकाळी जागे होण्याला काही कारण हवे होते, ते मिळाले. अनसूयाबाई मला म्हणाल्या होत्या की त्या आधी सहा महिने हे भिंतीकडे तोंड करून निजत होते.

गेल्या वर्षीच्या आश्विनात, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा दूरध्वनी आला. मी पूजेत होतो. पत्नीने यंत्र कानाला लावून दिले.

“गुरुजी, मासोळ्या आडव्या होऊन राह्यल्या जी. काऊन?”

मी विचारले, काल काय झाले. काल मासोळ्यांना फराळ दिला, असे त्या म्हणाल्या. फराळ म्हणजे काय दिले? साबुदाणा. भिजवून. वरून थोडासा दाण्याचा कूट. रात्रीतून पाणी दुधासारखे झाले, म्हणून त्यांनी पहाटेच सारे पाणी उपसले, पिंपातले पुरेना म्हणून नळाचे भरले, आणि स्पंजही स्वच्छ धुऊन लावला. “आता पानी एकदम साफ हाय,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आशा होती.

मी घरच्या पेटीतला जुना, काळा, चिखलाने भरलेला स्पंज काढून ओल्या फडक्यात गुंडाळला, पिंपातले पाणी दहा-दहा लिटरच्या दोन कॅनमध्ये भरले आणि स्टेशन गाठले. गाडीत लोकांनी कॅन उचलून घेतले आणि जागा करून दिली. समोरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझे गंध पाहिले, कॅन पाहिले आणि विचारले, गंगाजल होय का. मी म्हणालो, शिळे पाणी आहे. त्यांनी तरीही हात लावून नमस्कार केला.

मी पोहोचेपर्यंत चार गेले होते. दोन तळाशी काळवंडून, एका अंगावर पडून श्वास घेत होते. त्यांना आणलेल्या पाण्यात, टबमध्ये, हलक्या हाताने सोडले. हवेची नळी लावली, तो घाणेरडा स्पंज त्यात ठेवला. अनसूयाबाई स्पंजकडे पाहत राहिल्या. मी म्हणालो, हे विरजण आहे. ते त्यांना लगेच पटले. चार मासे आम्ही अंगणातल्या निंबाखाली पुरले. मी आत आलो तेव्हा वासुदेवरावांचा डावा हात वर होता. दोन बोटे.

मी रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार मला नव्हता. फक्त विचारले की इतके महिने एकादशी पाळली, मग यावेळीच फराळ का दिला. त्या म्हणाल्या, “हे खातच नव्हते जी. घास समोर नेला का तोंड मिटत आन् पेटीकडं बोट दाखवत. ते उपाशी असतानी मी कसा खाऊ, असं ह्यायचं म्हननं. मंग मी म्हटलं, उपासच हाय ना, फराळ चालत असन.”

चूक कुठे होती ते मला त्या क्षणी दिसले. साऱ्या विदर्भात उपवास म्हणजे काय असते हे पाच वर्षांच्या मुलालाही ठाऊक आहे: साबुदाण्याची उसळ, भगर, दाण्याची आमटी, आणि दुपारी जडावलेले डोळे. संस्कृत शिकलेल्या एका माणसाला मात्र ते सुचले नव्हते. घरोघरी उपवासाच्या दिवशी इतर दिवसांपेक्षा अधिक खाल्ले जाते, आणि मी माशांना उपवासच सांगितला होता.

पुढच्या गुरुवारी गेलो तेव्हा दोन्ही मासे उभे पोहत होते. अनसूयाबाईंचे मात्र हात कापत होते. चहा ओतताना बशीत सांडला. विचारल्यावर त्यांनी सहज सांगितले की त्यांनी नेम धरला आहे: एक वेळ जेवण, तेही अळणी, आणि अकरा एकादश्या पाण्याचा थेंबही न घेता. शास्त्रात लिहिलेले मोडले, चार जीव गेले, आता त्याचे फळ यांच्यावर येऊ नये. गोळ्या चालू होत्या, जेवण बंद होते. मधुमेहाच्या माणसाने असे केले तर काय होते हे मला ठाऊक होते. त्या पडल्या तर त्या खाटेवरच्या माणसाला घास कोण देणार, हेही मला दिसत होते. डॉक्टर रागावले होते; डॉक्टरांचा शब्द शास्त्रापुढे काय, असे त्यांनी मलाच विचारले.

मी पेटीवरच्या त्या पट्टीकडे पाहिले. ती पट्टी खोटी ठरली तर जिल्ह्यातल्या माझ्या साऱ्या पेट्यांत पुन्हा चिमटी पडू लागतील, आणि मी कोण ठरेन ते वेगळेच. या हिशेबात मी चहा थंड होईपर्यंत बसलो, हे लिहिताना लाज वाटते.

मग म्हणालो, “अनसूयाबाई, हा श्लोक कोणत्याही पुराणात नाही. तो मी रचला आहे. बंद पडलेल्या एस.टी.त बसून.”

त्यांनी पदराने बशी पुसली.

“म्हंजे देवानं नाई सांगतलं?”

“नाही.”

“तुमीच?”

“मीच. तुमच्याकडून काहीही मोडले गेलेले नाही. दोष असेल तर तो माझा.”

“एवढे शिकलेले तुमी,” त्या म्हणाल्या. “सरळ सांगतलं असतं, जास्त खायले देऊ नका, तं आमी आयकलं नसतं काय?”

“पट्टी लावण्याआधी चार महिने तुम्हाला सरळच सांगत होतो.”

त्या सत्यवादी बाई आहेत. “हो,” त्या म्हणाल्या, “नाई आयकलं.”

खाटेवरून घशातला एक घोगरा आवाज आला. मी दचकून पाहिले. अनसूयाबाई म्हणाल्या, काही नाही, हसले ते. आणि मग माझ्याकडे वळून, उधार दिलेले भांडे परत मागावे तशा सुरात म्हणाल्या, “तुमीच रचनारे आहा, तं मंग त्यात साबुदान्याचं बी घाला ना गुरुजी. मले काय मालूम, मासोळीले चालत नाई म्हून. लिवलंच नव्हतं.”

त्या रात्री त्या जेवल्या, असे नंतर कळले. मिठासकट.

तिसरी ओळ मी परतीच्या गाडीतच केली. ‘साबुदाणा न दातव्यः कदापि व्रतकारणात्.’ छंदात ती आश्चर्यकारक रीतीने चपखल बसली. भाषेविषयी बोलू नये. साबुदाण्याला संस्कृत शब्द शोधण्याचा मी सेलू स्टेशन येईपर्यंत प्रयत्न केला आणि सोडून दिला, कारण ज्याला तो शब्द कळेल तो माशाला साबुदाणा घालणार नाही, आणि जो घालील त्याला तो कळणार नाही. नव्या पट्ट्या छापल्या. यावेळी खाली स्वतःचे नाव आणि ‘रचना’ असे स्पष्ट घातले. कुणीही ते वाचले नाही. लोक नावाच्या ओळीलाही हात जोडतात.

महिनाभराने प्रवचनकार स्नेही भेटले. त्यांनी नवी पट्टी एका दवाखान्यात पाहिली होती. मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाले, मूळ दोन ओळी प्राचीन आहेत यात संशय नाही, परंतु तिसरी प्रक्षिप्त आहे; कुणा अर्धशिक्षिताने अलीकडे घुसडलेली दिसते, आणि आपल्यासारख्यांनी असल्या पट्ट्या लावू देऊ नयेत. मी म्हणालो, तिन्ही ओळी माझ्याच आहेत, खाली नावही आहे. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून हसले आणि म्हणाले, “शास्त्रीबुवा, तुम्ही फार भाबडे. त्या अर्धवटाचा दोषही स्वतःवर घेता.” खोटे बोललो तेव्हा सर्वांनी मानले, खरे मानणारी व्यक्ती मला एकच भेटली आणि तिचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते.

सिंदीच्या पेटीत नवे मासे सोडण्याची मी घाई केली नाही. विरजण लागायला वेळ द्यावा लागतो. मार्गशीर्षात चार डिस्कस घेऊन गेलो. पिशव्या पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या होत्या, आतले-बाहेरचे पाणी सारखे कोमट व्हावे म्हणून. वासुदेवरावांनी हाताने खूण केली की जवळ आणा. एकेक पिशवी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जुळवून हवेत हळूच काहीतरी ओढल्यासारखे केले, थांबले, मान हलवली. पहिला पास. दुसरा पास. तिसऱ्याला त्यांनी चिमूट झटकून टाकली.

“आखूड धागा म्हनतेत,” अनसूयाबाईंनी भाषांतर केले.

मी हसलो. चारही मासे मी बावीस वर्षांच्या अनुभवाने निवडले होते. तिसरा मासा सात दिवसांत काळवंडला, खाणे सोडले आणि गेला. त्याच्या जागचा आणला तेव्हा मी आधी पिशवी खाटेपाशी नेली आणि मगच पेटीपाशी.

परवा, हा लेख पुरा करण्याआधी, सिंदीला गेलो. एकादशी होती. अनसूयाबाईंनी आता स्वतःची एक रीत काढली आहे: फराळाच्या वेळी पेटीवर धुतलेले धोतर टाकतात, म्हणजे मासे दिसत नाहीत आणि यांच्या घशाखाली घास उतरतो. मासे त्या अर्ध्या तासात काय समजतात ते ठाऊक नाही. मला वाटते, रात्र झाली असे समजत असावेत, आणि धोतर निघाले की पारण्याची सकाळ. फराळ आटोपल्यावर त्यांनी धोतर काढले. वासुदेवरावांनी डावा हात उचलला. पाच बोटे, मग एक.

मी नळी आणि जाळी पिशवीत भरून निघालो. दारातून वळून नमस्कार केला तेव्हा त्यांनी पुन्हा हात उचलला, अंगठा आणि तर्जनी जुळवली आणि माझ्या दिशेने, अगदी सावकाश, काहीतरी ओढल्यासारखे केले. बराच वेळ चिमटीकडे पाहत राहिले.

मी अनसूयाबाईंकडे पाहिले. त्या उसळीच्या ताटल्या आवरीत होत्या.

“मध्यम धागा म्हनतेत,” त्या म्हणाल्या. “चालते.”